स्विफ्टचे चार टायर : ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२५च्या नोंदी

२४ ऑगस्ट, रविवार

काल संध्याकाळी गाडी घसरली. कोणाला लागलं नाही, गाडीला ओरखडाही नाही. तरी आजपासून ही वही सुरू करते आहे.

गणपतीचं सामान घेऊन सासूबाई आणि मी बडोद्यातल्या दांडिया बाजारातून अकोट्याला घरी येत होतो. पाऊस जोराचा नव्हता, रस्ता भिजलेला आणि वरून झिमझिम. अकोटा-दांडिया बाजार पुलाचा उतार संपत आला तशी पुढची रिक्षा अचानक थांबली. माझा वेग पस्तीस-चाळीस असेल. ब्रेक दाबला तर चाकं जागच्या जागी अडकली आणि गाडी सरळ रिक्षाच्या अंगावर सरकत राहिली. आमच्या मॉडेलला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी सोय, नाही. पाय उचलला, पुन्हा दाबला, असं दोनदा केलं तेव्हा रिक्षापासून वीतभर अंतरावर थांबलो. सासूबाईंच्या मांडीवरची कापसाच्या वस्त्रांची पाकिटं पायाशी पडली होती. त्या वाटेत काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर म्हणाल्या, "टायर एकदा बघून घे गं."

गाडी २०१५ची पेट्रोल स्विफ्ट, आज ७७,९०० किलोमीटर. टायरचं माप १६५/८० आर१४. यजमान आठवडाभर दहेजला असतात, त्यामुळे गाडी चालवते मी आणि तिची काळजीही माझ्याकडेच. भाऊबीजेला सापुताऱ्याच्या घाटातून नाशिकला माहेरी जायचंय. २३ ऑक्टोबरची भाऊबीज, म्हणजे हातात दोन महिने आहेत. खर्चाची मर्यादा मनाशी वीस हजार धरली आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

मी मकरपुरा जीआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे, मोजमाप हाच दिवसभराचा धंदा. घरचा व्हर्निअर काढला आणि त्याच्या शेपटीच्या पट्टीने खाचांची खोली घेतली. प्रत्येक टायरवर बाहेरची कड, मधला भाग, आतली कड अशी तीन ठिकाणं.

पुढचा डावा : २.४, २.३, १.७ मिमी
पुढचा उजवा : २.२, २.२, १.९
मागचा डावा : ३.६, ३.७, ३.५
मागचा उजवा : ३.४, ३.५, ३.४

कायद्याने मोटारीच्या टायरला किमान १.६ मिमी खोली लागते. खाचेच्या तळाशी रबराचे बारीक आडवे उंचवटे असतात, ते याच उंचीचे. कडेला 'टीडब्ल्यूआय' किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत बघितलं की उंचवटा सापडतो. म्हणजे कागदोपत्री माझे टायर अजून चालू आहेत. नवा टायर साधारण साडेसात-आठ मिमीचा असतो, हे लक्षात घेतलं की पुढच्यांची स्थिती कळते.

डाव्या टायरची आतली कड जास्त गेली आहे, म्हणजे अलाइनमेंट (चाकांचा कोन) बिघडलंय. खाली वाकून हात फिरवल्याशिवाय हे दिसत नाही. उभ्याने पाहिलं तर टायर बरा वाटतो. पुढचे-मागचे टायर आलटून पालटून लावायचेही गेल्या तीन वर्षांत राहून गेले, म्हणून हा दीड मिमीचा फरक पडला.

तारीख : टायरच्या भिंतीवर छापलेल्या डीओटी आकड्यांच्या शेवटी ३८१९, हे बनवल्याचे आठवडा आणि साल. आठवडा अडतिसावा, साल २०१९. म्हणजे जवळजवळ सहा वर्षांचे.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल बाप्पा आले. आज दीड दिवसाचं विसर्जन. गाडी काढली नाही, सुरसागरपर्यंत शेजाऱ्यांच्या टेम्पोतून गेलो आणि मग पालिकेच्या कृत्रिम तलावाकडे.

डोक्यात मात्र एक गोष्ट घोळते आहे. पाण्यावर टायर तरंगतो तेव्हा गाडी घसरते, हे ऐकून होते. १९६३ साली नासाच्या संशोधकांनी विमानांच्या चाकांसाठी त्याचं एक सोपं सूत्र मांडलं. टायरमधल्या हवेचा दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, नऊने गुणा, की वेग नॉटमध्ये मिळतो. मी ३० पीएसआय भरते. उत्तर येतं ४९ नॉट, म्हणजे ताशी ९१ किलोमीटर. खाचांना निचरा झेपणार नाही इतकं पाणी असेल तेव्हाचा हा हिशोब.

पण पुलावर मी चाळिशीच्या आत होते आणि रस्त्यावर पाणी साचलेलं नव्हतं. मग टायर तरंगला नव्हता. रबराने नुसत्या ओल्या डांबराला धरलं नाही. कारण खाचांत कमी आणि रबरात जास्त असावं.

३१ ऑगस्ट, रविवार

आमच्या कारखान्यात रबरी सील आणि ओ-रिंगचा कडकपणा मोजायला शोअर-ए ड्युरोमीटर आहे. साहेबांना विचारून शनिवार-रविवारसाठी घरी आणला. ह्याचं टोक रबरावर टेकवायचं आणि काटा वाचायचा. आकडा जितका मोठा तितकं रबर कडक.

सकाळी आठ वाजता, सावलीत, सगळे टायर थंड असताना मोजलं. खाचांमधल्या ठोकळ्याच्या मधोमध, प्रत्येक टायरवर पाच जागी, आणि सरासरी घेतली.

पुढचे : ७४ आणि ७५
मागचे : ७५ आणि ७६

मग स्टेपनी काढली. ही गाडीबरोबर आलेली, बहुधा दोनदाच रस्त्याला लागलेली. खोली ७.४ मिमी, खाचांच्या कडा अजून धारदार, दिसायला कोरी. तारीख ४७१४, म्हणजे नोव्हेंबर २०१४. कडकपणा ७९. बोटाने दाबली तर लाकडी पाटासारखी. अंगठ्याने खाच फाकवली तेव्हा तळाशी केसासारखे तडे दिसले.

डिकीतल्या त्या टायरवर मी दहा वर्षं भरवसा ठेवला होता. खोली बघून टायर चांगला म्हणायचा, ही सवय मोडायला हवी.

२ सप्टेंबर, मंगळवार

दुपारच्या सुट्टीत कारखान्याजवळच्या टायरवाल्याकडे नव्या टायरवर ड्युरोमीटर टेकवून बघितला. शेठ आधी जरा बावचळले, मग स्वतःच दोन-तीन टायर पुढे केले. ६३ ते ६७ मिळाले. माझ्या टायरांपेक्षा जवळजवळ दहा अंकांनी मऊ. आमच्याकडे सीलवर इतका फरक आला तर अख्खी खेप परत जाते.

बाकी भाव विचारून ठेवले. या मापात मिळणारे म्हणून लिहून दिले ते अपोलोचा अमेझर ४जी लाइफ, सिएटचा माइलेझ एक्स३, एमआरएफचा झेडव्हीटीव्ही, ब्रिजस्टोनचा स्टर्डो, मिशेलिनचा एनर्जी एक्सएम२+. भाव दुकानागणिक आणि गिऱ्हाइकागणिक हलतात, म्हणून फक्त पट्टा लिहिते : एका टायरला ४,७०० पासून ६,१०० पर्यंत. अपोलोचा कारखाना वाघोडिया रोडला लिमड्यात आहे आणि सिएटचा हालोलला, म्हणून इथे ते स्वस्त पडतील असं मला वाटलं होतं. तसं काही नाही, भाव सगळीकडे सारखाच.

शेठ म्हणाले, आधी चिनी टायर येत होते ते आता दिसत नाहीत. बरोबर आहे. जून २०२०मध्ये सरकारने नव्या टायरांच्या आयातीवर परवान्याची अट घातली. आता जे मिळतं त्यावर आयएसआय शिक्का असतोच. तरी तो शिक्का बघून घ्यायचा, आणि त्याच्या वर आयएस १५६३३ हा आकडा.

३ सप्टेंबर, बुधवार

लेक रात्री मोबाइलवर परदेशी व्हिडिओ लावून बसला. "आई, ऑल-सीझन टायर घे, ते सगळ्या ऋतूंत चालतात." त्या टायरावर तीन शिखरं आणि मध्ये हिमकण असं चिन्ह असतं. त्याला समजावून सांगितलं. साध्या टायरचं रबर सात अंशांच्या खाली कडक पडतं. बर्फाच्या देशांत म्हणून हिवाळ्याला वेगळे मऊ टायर लावतात, आणि दोन-दोन संच ठेवायचा ताप नको म्हणून मधला मार्ग म्हणजे ते ऑल-सीझन. बडोद्यात जानेवारीच्या पहाटेही पारा साधारण दहा-बाराच्या खाली जात नाही. त्या हिमकणाचे पैसे आपण कशाला द्यायचे?

आपले ऋतू दोनच, निदान टायरापुरते. मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत दुपारी उभी राहिलेली गाडी आणि भाजणारं डांबर. आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस, त्यात अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या रस्त्यात) साचलेलं पाणी आणि रस्त्याला पडणारे भुवे, म्हणजे जमीन खचून होणारे मोठे खड्डे. या दोन्हींत जो टिकतो आणि धरतो तो आपला बारमाही टायर. इथल्या दुकानातले बहुतेक याच हिशोबाने बनतात, त्यावर तसं लिहिलेलं नसतं इतकंच.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री उशिरा बातमी आली. जीएसटी परिषदेच्या ५६व्या बैठकीत टायरवरचा कर २८ वरून १८ टक्के केला. लागू २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी.

हिशोब : ५,००० रुपयांचा टायर असेल तर करापूर्वीची किंमत ३,९०६. त्यावर १८ टक्के धरले तर ४,६०९. एका टायरला ३९१, चाराला १,५६४ रुपये. दहा टक्के कर कमी झाला म्हणून भाव दहा टक्क्यांनी उतरत नाही, पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरतो.

अठरा दिवस थांबायचं की आज घ्यायचं? दीड हजार रुपयांसाठी पावसात घसरणाऱ्या टायरांवर सासूबाईंना बसवणार नाही, हे पक्कं. पण गाडी उभी ठेवता येते. कामाला स्कूटरने जाईन, त्यांच्या दवाखान्याला रिक्षा. रस्ता कोरडा असेल आणि फार अडलं तरच गाडी, आणि तीही चाळिशीच्या आत. यजमानांना फोनवर सांगितलं, त्यांना पटलं.

७ सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी. ठरल्याप्रमाणे गाडी जागची हलली नाही.

आज मापाचा प्रश्न. लेकाला आणि त्याच्या मित्रांना रुंद टायर हवाय, १८५/७० आर१४. गाडीला भारदस्तपणा येतो हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. आकडेमोड केली. १६५ मिमी रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिमीची भिंत, दोन बाजूंच्या मिळून २६४, अधिक १४ इंचाची रिम ३५५.६, एकूण व्यास ६१९.६ मिमी. १८५/७० चा व्यास ६१४.६. फरक एक टक्क्याहून कमी, स्पीडोमीटरला जाणवणार नाही. म्हणजे बसतो.

पण हवा कशाला? रुंद टायर त्याच वजनाने पाण्यावर अधिक सहज चढतो, स्टिअरिंग जड होतं, पेट्रोल थोडं जास्त लागतं, आणि स्टेपनी वेगळ्या मापाची राहते. गाडी ज्या मापावर बनली तेच ठेवणार. ८५टी हेही तेच ठेवायचं. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो भार, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत. भार दाखवणारा आकडा याहून खाली गेलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेणार नाही.

मुलगा जरा हिरमुसला. त्याला म्हटलं, तुझ्या कमाईची गाडी येईल तेव्हा रुंद लाव.

१४ सप्टेंबर, रविवार

मागच्या डाव्या चाकाची हवा पुन्हा उतरली. २ तारखेला ३० भरली होती, आज २२. गाडी बहुतेक उभीच होती, तरी बारा दिवसांत आठ पीएसआय गेली. पंक्चरवाल्याने दोनदा पाण्यात बुडवून बघितलं होतं, भोक नाही.

साबणाचं पाणी ब्रशने लावलं, खाचांवर नाही तर टायर आणि रिम भेटतात तिथे. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला बारीक बुडबुडे आले, मोहरीएवढे, एकामागून एक. तिथली रिमची कड गंजलेली आहे, रंग फुगून सुटलाय.

मग आठवलं. गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये दोन दिवस अर्ध्या चाकापर्यंत पाणी होतं. गाळ धुतला, ब्रेक साफ करून घेतले, ऑइल बदललं. रिमच्या आतल्या कडेकडे कोणी बघितलं नाही. मीही नाही. वर्षभर गंज टायरच्या ओठाखाली वाढत राहिला.

आणि आता ते सूत्र पुन्हा : ३० ला ९१, तर २२ पीएसआयला ७८ किलोमीटर. अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर शंभरच्या आसपास सगळेच जातात. हवा उतरलेली असेल तर धोक्याचा वेग कितीतरी अलीकडे येतो, आणि तेही एकाच चाकाचा. टायर बदलताना चारही रिम घासून घ्यायच्या, हे कामात धरलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज या सगळ्या खटाटोपातला माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा हिशोब सुटला.

दुकानदार, शेजारी, माझा भाऊ, सगळे एकच विचारतात, 'किती किलोमीटर चालेल?' स्वस्त-महाग त्यावरून ठरवतात. मी नोव्हेंबर २०१९मध्ये हे टायर बसवले तेव्हा गाडी ३६,४०० वर होती. म्हणजे सहा वर्षांत ४१,५०० किलोमीटर, वर्षाला सात हजार. टॅक्सीवाल्याला हे पाच-सहा महिन्यांचं काम. त्याला टायर झिजायच्या आधी कडक व्हायला वेळच मिळत नाही. माझा टायर मात्र उन्हात उभा राहून म्हातारा होतो. लाखभर किलोमीटर टिकणारं रबर मी घेतलं तर ते झिजायला मला चौदा वर्षं लागतील, आणि त्याआधीच त्याची ती डिकीतली स्टेपनी होईल.

मग मी टिकाऊपणासाठी पैसे का द्यावेत? मला सहा वर्षंच वापरायचाय. त्या सहा वर्षांत ओल्या रस्त्यावर तो जास्तीत जास्त धरेल, याला पैसे द्यायचे. कमी चालवणाऱ्याने 'जास्त चालणारा' टायर शोधणं हीच उलटी गोष्ट आहे, आणि आमच्यासारख्या घरच्या गाड्यांपैकी पुष्कळ वर्षाला सात-आठ हजारच चालतात.

पट्ट्याच्या दोन टोकांतला फरक कर उतरल्यावर आणि घासाघीस करून एका टायरला हजार धरला तर चाराला चार हजार. सहा वर्षांवर वाटले तर महिन्याला पंचावन्न रुपये. वीस हजारांची मर्यादा थोडी ओलांडेल. ओलांडू दे.

यादीत खाचांची रचना आणि ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकबद्दल कंपनी काय म्हणते ते बघून मिशेलिनचा एनर्जी एक्सएम२+ वर ठेवला. त्याच्या रबरात सिलिका आहे, ओल्या पकडीसाठी सिलिका वापरतात. दावा तो दावाच, पण इतरांच्या जाहिरातीत आधी किलोमीटर येतात आणि इथे ब्रेक येतो. दुसरी पसंती अपोलो.

२२ सप्टेंबर, सोमवार

सकाळी घट बसवले. संध्याकाळी फोन फिरवले. दोन दुकानांनी नवा भाव सांगितला. एकाने जुनाच सांगितला आणि म्हणाला, "बेन, आ तो जूनो माल छे, अठ्ठावीस टका भरीने लीधेलो." हे चालत नाही. कर विक्रीच्या तारखेला लागतो. दुकानदाराने खरेदीवर भरलेले २८ टक्के त्याला पुढे वळते करून मिळतात, ते गिऱ्हाइकाकडून पुन्हा घ्यायचे नसतात. शांतपणे सांगितलं आणि फोन ठेवला. भांडायची ताकद गरब्याला आलेल्या नणंदेच्या पोरींसाठी राखून ठेवली आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

कामावरून येताना एका दुकानात गेले. भाव चांगला, टायर हवा तोच, चारही समोर आणून ठेवले. मी खाली बसून तारखा वाचायला लागले तर दुकानदाराने टायर फिरवून ती बाजू भिंतीकडे केली. पूर्ण आकडा एकाच बाजूला असतो, हे मला माहीत होतं. उलटे करायला लावले. दोनांवर १२२३, दोनांवर १०२५.

मार्च २०२३चा टायर वापरण्याजोगा नसतो असं नाही. सावलीत, नीट ठेवला असेल तर चालतो. पण माझी सहा वर्षांची मुदत रबराच्या वयावर आहे, आणि त्यातली अडीच दुकानातच गेली तर भावही त्या मानाने हवा. तो कमी करायला तयार नव्हता. "नवाच आहे, बघा केस सुद्धा आहेत," असं म्हणत राहिला. रबराचे ते बारीक केस साच्यातले असतात, त्यांना वय कळत नाही. निघाले.

मला वाईट वाटलं ते टायर फिरवण्याचं. विचारलं असतं तर त्याने सांगायला हवं होतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

जुन्या पादरा रोडवरच्या दुसऱ्या दुकानात चार टायर बाजूला ठेवायला सांगितले. तारखा फोनवरच वाचून दाखवल्या : दोन २९२५, दोन ३१२५. एका टायरचे ५,४००, बसवणं आणि बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळ्या बाजूंनी सारखं करणं) त्यातच. शनिवारी सकाळी नऊची वेळ.

२७ सप्टेंबर, शनिवार

साडेतीन तास लागले. एक-एक करून लिहिते, कारण आज डोळ्यांदेखत पुष्कळ शिकायला मिळालं.

पहिलं चाक उतरलं ते तेच गळकं. कारीगर पोरगा विशीतला असेल, हात मात्र तयार. टायर सुटल्यावर रिमची कड पाहून त्यानेच जीभ चावली. बोटभर रुंदीचा पट्टा लालसर, पापुद्रे आलेला. त्याने तारेचा ब्रश घेतला, मग पॉलिश पेपर, मग फडक्याने पुसून बोट फिरवून बघितलं. मी माझं बोट फिरवलं. एका जागी अजून खरखर होती, पुन्हा घासायला सांगितली. त्याने कुरकुर केली नाही. चारही रिम अशाच. शेवटी कडेला काळं सीलर लावलं. रबरी व्हॉल्व्ह चारही नवे घातले, साठ रुपयांचा एक. जुन्या व्हॉल्व्हची मान वाकवली तर तडे उघडे पडत होते.

बऱ्याच नव्या टायरांवर पिवळा ठिपका असतो. ती टायरची सर्वांत हलकी जागा. व्हॉल्व्हमुळे रिम तिथे किंचित जड असते, म्हणून ठिपका व्हॉल्व्हपाशी आणतात आणि बॅलन्सिंगला वजन कमी लागतं. पोरगा घाईत ठिपका न बघता चढवत होता. सांगितल्यावर पुढचे तिन्ही नीट बसवले आणि दोन चाकांना दहा-पंधरा ग्रॅमवरच काम भागलं.

नायट्रोजन भरायचा आग्रह झाला. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. साधी हवाच भरली, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे. टायरच्या भिंतीवरचा आकडा जास्तीत जास्त दाबाचा असतो, तो भरायचा नसतो.

एक वाद मात्र झाला, आणि तो लिहून ठेवते, कारण दोनच टायर घेणाऱ्यांच्या तो कामी येईल. माझ्या शेजारी एक गृहस्थ दोन नवे टायर घेऊन बसले होते. शेठ म्हणाले, "नवां टायर तो आगळ ज नखाय, एंजिन आगळ छे." म्हणजे नवे टायर पुढेच घालायचे, इंजिन पुढे आहे. सगळीकडे हेच सांगतात आणि ऐकायला बरोबर वाटतं. पण टायर कंपन्यांचा सल्ला उलटा आहे : दोनच नवे असतील तर ते मागे. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की बऱ्याचदा ताबा परत येतो. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते आणि साध्या माणसाला ती सावरत नाही. मी त्यांना पुलावरचा माझा प्रसंग सांगितला. तिथे पुढचे गोटा झालेले होते आणि मागचे बरे, म्हणून गाडी निदान सरळ तरी राहिली. शेठ हसले, पण गृहस्थांनी टायर मागेच बसवून घेतले.

स्टेपनीला जुन्या मागच्या डाव्यातला टायर ठेवला, ३.६ मिमीवाला. तोही सहा वर्षांचाच, पण अडीनडीला पंक्चरवाल्यापर्यंत न्यायला पुरे. पुढच्या वर्षी तोही बदलायचाय, कॅलेंडरवर लिहिलं.

२०१४ची ती कोरी दिसणारी स्टेपनी मी तिथेच भिंतीला कापून घेतली. शेठ म्हणाले, कापू नका, सातशे-आठशेला सहज जाईल. तेच तर नको होतं. कोणीतरी खोली बघून घेईल आणि लेकराबाळांना घेऊन पावसात निघेल. कारीगराने सुरी चालवली तेव्हा रबर कापलं जायला जोर लागला.

हिशोब :
टायर चार : २१,६००
व्हॉल्व्ह चार : २४०
अलाइनमेंट : ४५०
जुने तीन टायर परत दिले : ४५० वजा
एकूण : २१,८४०

बिलावर चारही टायरांचे क्रमांक आणि तारीख लिहून घेतली. अलाइनमेंटच्या कागदावर पुढचं डावं चाक लाल रंगात होतं, काम झाल्यावर हिरव्यात.

घरी येऊन थंड झाल्यावर मोजलं. खोली चारही ठिकाणी ७.५ ते ७.६. कडकपणा सोमवारी, ड्युरोमीटर आणल्यावर.

२९ सप्टेंबर, सोमवार

कडकपणा ६४, ६४, ६५, ६४.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

गाडीला झेंडूचा हार. चाकांना हळद-कुंकू लावताना सासूबाई प्रत्येक टायरपाशी वाकल्या, गुडघे दुखतात तरी.

आत्तापर्यंत ११० किलोमीटर. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा थर असतो, पहिले शे-दीडशे किलोमीटर पकड पूर्ण येत नाही. म्हणून जोराचा ब्रेक कुठे मारला नाही. नट पुन्हा आवळून घेतले. सोळापैकी दोन पाव आटा फिरले.

चौघांत हवा ३०. मागच्या डाव्यातही.

१२ ऑक्टोबर, रविवार

आनंदपर्यंत एक्स्प्रेसवेने जाऊन आलो, यजमान आणि मी. आवाज आधीपेक्षा कमी, नव्वदला स्टिअरिंग स्थिर, डावीकडे ओढत नाही. परत आल्यावर आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या रस्त्यावर लेकाने पाइपने पाणी मारून दिलं. चाळिसाला ब्रेक दाबला, यजमान बाजूला खडू घेऊन उभे. असं तीनदा केलं. जुन्या टायरांचं माप घेतलेलं नाही, त्यामुळे तुलना करता येणार नाही, हे मान्य. पण गाडी सरकली नाही. पुलावर पायाखाली जे पोकळ वाटलं होतं ते या वेळी वाटलं नाही, थांबण्याचं वजन सीटच्या पट्ट्यावर आलं. तिन्ही खडूच्या रेघा एकमेकींपासून हातभर अंतरात आहेत. मेजर टेपने घेतलेली मापं वहीच्या मागच्या पानावर लिहिली. पुढच्या जूनमध्ये, पहिल्या पावसाआधी, त्याच जागी पुन्हा घ्यायची.

मागचा डावा : १५ दिवसांत ३० वरून २९.५.

१९ ऑक्टोबर, रविवार

नाशिकला निघायच्या आधीची तपासणी. चारही ३० पीएसआय. स्टेपनी ३३ भरून ठेवली, उतरली तरी पुरेल. जॅक, पाना, टॉर्च डिकीत. पुढच्या उजव्या खाचेत एक बारीक खडा अडकला होता, स्क्रू-ड्रायव्हरने काढला. मंगळवारी पहाटे पाचला निघायचं, म्हणजे सापुताऱ्याचा घाट उजेडी लागेल. सासूबाईंनी त्यांची पिशवी आत्ताच मागच्या सीटवर आणून ठेवली आहे.